बाईच्या नावावर

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, पूर्व टोकाला म्हसवड. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; म्हसवडच्या माण तालुक्यात ५०० पडला तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. ढग सह्याद्रीवर रिकामे व्हायचे आणि या बाजूला नुसती त्यांची सावली पोचायची. सातारा-पंढरपूर रस्त्याने कोरेगाव, पुसेगाव मागे टाकून दहिवडी, गोंदवले करत निघालं, की ऊस विरळ होत जातो, माळ रुंदावतो आणि बाभळीच्या आडोशाला मेंढरं दिसू लागतात. हा माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ लिहून हा मुलूख मराठी वाचकाच्या मनात वसवला. त्यातली माणसं कष्टाला कमी पडत नाहीत. पाऊस कमी पडतो.

माणदेशात काम नाही, असं म्हणायची पद्धत आहे. पुरुषांच्या बाबतीत ते बरंचसं खरं होतं. इथला गडी मुंबईला जाऊन माथाडी कामगार झाला, गिरणीत लागला, ऊसतोडीला गेला. शेजारच्या खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरून देशभर पांगली. मागे राहिलेल्या बाईला मात्र कामाचा दुष्काळ कधी जाणवला नाही. पाणी आणायचं, जनावरांचं बघायचं, खुरपायचं, मळायचं, शेळ्या हिंडवायच्या, सणावाराला पाहुणारावळा सांभाळायचा आणि मनिऑर्डरीची वाट बघायची. फक्त या सगळ्याची नोंद तिच्या नावावर कुठे नव्हती. सातबारा सासऱ्याच्या नावावर, डेअरीतलं खातं नवऱ्याच्या नावावर, घराचा उताराही त्याच्याच. ती राबणारी, धनी दुसराच.

म्हसवडमध्ये राहून चेतना सिन्हा यांनी जे उभं केलं, त्याला आज सामाजिक उद्योजकता म्हणतात. त्यात बँक आहे, उद्योगशाळा आहे, रेडिओ आहे, जनावरांची छावणीही येऊन गेली. पण हे सगळे उद्योग एकाच दिशेने गेलेले दिसतात: बाया जे काम आधीपासून करतच होत्या, ते त्यांच्या नावावर चढवायचं. रोजगारनिर्मितीच्या नेहमीच्या कल्पनेत हे बसत नाही. तिथे कारखाना येतो, जागा निघतात, माणसं भरली जातात. इथे जागा आधीच भरलेली होती. फक्त हजेरीपटावर नाव नव्हतं.

मुंबईहून आलेली सून

माहेरच्या चेतना गाला मुंबईत, गुजराती भाषक कुटुंबात वाढल्या आणि मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकल्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने त्या पिढीतल्या ज्या तरुणांना घराबाहेर काढलं, त्यांपैकी त्या एक. जेपींनी १९७५ च्या सुरुवातीला स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीशी त्या जोडल्या गेल्या. याच वाहिनीने १९७८ पासून बिहारमध्ये बोधगयेच्या मठाच्या जमिनीचा लढा चालवला. तो लढा भारतातल्या जमीन-आंदोलनांच्या इतिहासात वेगळा ठरला तो एका मागणीमुळे. जमीन मिळाल्यावर ती पुरुषाच्याच नावावर का, असा सवाल तिथल्या भूमिहीन बायकांनी आपल्याच संघटनेला केला आणि काही गावांत पट्टे बायकांच्या नावे झाले.

चळवळीतच त्यांची म्हसवडच्या विजय सिन्हांशी ओळख झाली. विजय सिन्हा शेतकरी आणि कार्यकर्ते. ऐंशीच्या दशकात लग्न करून चेतना मुंबईहून म्हसवडला राहायला आल्या. मुंबईचं घर सोडून दुष्काळी गावात नांदायला येणं ही कार्यकर्त्यांच्या जगात फार मोठी गोष्ट समजली जात नसे. प्रत्यक्षात मात्र वीज, नळ, संडास या गोष्टी गृहीत धरून वाढलेल्या माणसाला त्यांच्याविना दिवस काढताना अर्थशास्त्राचा एक नवा पाठ मिळतो. बाईचा वेळ कुठे जातो, हे पुस्तकात नसलेलं गणित रोज समोर येतं.

महाराष्ट्रात त्या काळात या प्रश्नाभोवती बरंच काही घडत होतं. १९७२ च्या दुष्काळातून आलेली रोजगार हमी योजना १९७९ पासून कायद्याने लागू झाली होती. खडी फोडायला, बंडिंगला, रस्त्याला बाया मोठ्या संख्येने गेल्या. मस्टरवर बाईचं स्वतःचं नाव आलं आणि कामाच्या मापाने पुरुषाइतकाच दर ठरला. १९८६ साली शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनात लाखांच्या संख्येने शेतकरी बाया जमल्या. त्यातून पुढे शरद जोशींची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम निघाली: ज्या गावात निदान शंभर घरं बाईच्या नावे जमीन करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. १९९३ मध्ये ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक-तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला वाटा देणारी राज्याची कायदादुरुस्तीही आली. म्हणजे कायदा पुढे सरकत होता. तलाठ्याच्या दप्तरात आणि बँकेच्या काउंटरवर मात्र काही हललं नव्हतं.

ताडपत्रीसाठी बँक

कांताबाई साळुंखे यांची गोष्ट चेतना सिन्हांनी जगभरच्या व्यासपीठांवर सांगितली आहे. कांताबाई रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या. ऊन-पाऊस डोक्यावर, संसार उघड्यावर. पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची म्हणून त्यांना पैसे साठवायचे होते. रोजचे दहा रुपये. कर्ज नको, अनुदान नको, फक्त पैसे सुरक्षित ठेवायला जागा हवी. गावातल्या बँकांनी खातं उघडायला नकार दिला. एवढ्या लहान रकमेचं खातं सांभाळायला परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं.

हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर बँकेचं म्हणणं खोटं नव्हतं. दहा रुपये भरून घ्यायला कारकुनाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच दहा हजार भरून घ्यायला लागतो. पण त्या हिशेबाची दुसरी बाजू कुणी मांडत नव्हतं. बचतीला जागा नसली की पैसा घरात राहतो, घरातला पैसा दारूला, दवाखान्याला किंवा दिराच्या लग्नाला जातो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्रीसाठी सावकार गाठावा लागतो. गरिबाला आधी कर्ज लागतं, असं धोरणं गृहीत धरतात. कांताबाईंनी आधी बचत मागितली होती.

आता कार्यकर्त्यापुढे दोन वाटा होत्या. बँकांच्या दारात धरणं धरायचं, किंवा बँक काढायची. संस्थेने लोकांच्या ठेवी स्वीकारायच्या तर परवाना लागतो, तो रिझर्व्ह बँकेचा. त्याआधी सहकार खात्यात नोंदणी, भागभांडवल, प्रवर्तक सभासद. अर्ज गेला. काही महिन्यांनी तो फेटाळून परत आला. प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत, अर्जावर अंगठे आहेत, अशा बायका बँक काय चालवणार?

चेतनाताई खचल्या, बाया खचल्या नाहीत. दिवसाचं काम आटोपून रोज संध्याकाळी अक्षरओळखीचे वर्ग भरू लागले. पाचेक महिन्यांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा पंधराएक बाया सोबत मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथे कांताबाईंनी जे सांगितलं त्याचा आशय असा: आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तेव्हा न शिकल्याचा दोष आमचा नाही. वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कुठल्याही मुदलाचं व्याज विचारा. आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच करायला सांगा. बघू कोण आधी सांगतं.

१९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तेराशेच्या वर सभासद, सगळ्या बाया, आणि सात लाखांच्या आसपास भांडवल. ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी चालवलेली देशातली पहिली सहकारी बँक म्हणून ती ओळखली जाते.

हा प्रसंग नवा असला तरी वळण जुनं होतं. १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेच्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग काढून बँक उभारली, तेव्हाही सहीचाच अडसर पुढे आला होता आणि बायकांनी रात्र जागून आपापलं नाव गिरवलं होतं. दोन दशकांनी, दुसऱ्या राज्यात, तेच कारण पुन्हा पुढे यावं यातून व्यवस्थेचा स्वभाव कळतो. तिला अक्षर म्हणजे अक्कल वाटते. व्याजाचा तोंडी हिशेब हा गरीब बाईचा रोजचा व्यवहार असतो, कारण व्याज तिलाच सगळ्यात महाग पडतं. चक्रवाढ म्हणजे काय, हे सावकाराकडून कर्ज घेणाऱ्याला वर्गात शिकवावं लागत नाही.

सहकारी बँक असण्यालाही इथे अर्थ आहे. खाजगी सूक्ष्मवित्त कंपनीत बाई ग्राहक असते. सहकारात ती भागधारक असते आणि भाग कितीही असले तरी मत एकच. २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला, की सरकारला अध्यादेश काढून त्यांना आवरावं लागलं. एकाच बाईला चार-चार कंपन्यांनी कर्ज दिलं होतं आणि हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायाच तिच्या दारात उभ्या केल्या जात होत्या. कर्ज सहज मिळालं म्हणजे गरिबी हटते, हा भ्रम त्या वर्षी बराच उतरला. माणमध्ये सुरुवात बचतीपासून झाली होती. त्याचं श्रेय कुणा तज्ज्ञापेक्षा कांताबाईंच्या ताडपत्रीला जातं.

पासबुक नको

बँक उघडली म्हणजे बाया येतील, असं वाटत होतं. त्या आल्या नाहीत. बँकेत यायचं तर कामाचा दिवस मोडतो, दिवसाची मजुरी बुडते. दहा रुपये भरायला अख्ख्या दिवसाची मजुरी कोण सोडणार? मग बँकच दारी जाऊ लागली. पिग्मीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. बाजारपेठेतल्या दुकानदाराकडे रोज संध्याकाळी येणारा पिग्मीवाला सगळ्यांनी पाहिला आहे. फरक एवढाच, की इथे वसुली करणाऱ्या बाया होत्या आणि त्या पोचत होत्या ते शेळीवालीकडे, भाजीवालीकडे.

पुढची अडचण खुद्द पासबुकाची निघाली. बायांना ते घरी न्यायचं नव्हतं. नवऱ्याच्या हाती पडलं की शिल्लक कळते आणि शिल्लक कळली की मागणी सुरू होते. बँकेच्या दृष्टीने पासबुक हा ग्राहकाचा हक्क. बाईच्या दृष्टीने तो फितूर कागद. पुढे इलेक्ट्रॉनिक व्यवहार आले, पिन नंबर आला. तोही बायांना पटला नाही, कारण नंबर दमदाटी करून विचारून घेता येतो. त्यांनी सुचवलं, अंगठ्यावर चालवा. अंगठा कुणी चोरू शकत नाही.

ज्या अंगठ्यापायी रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला होता, तोच आता तिजोरीची किल्ली झाला. यातला विनोद सोडून दिला तरी त्यातली व्यवहारबुद्धी सोडण्यासारखी नाही. बायोमेट्रिकवर देशभर मोठमोठे वाद झाले. पण ज्या घरात बाईला स्वतःचा कप्पा नाही, तिथे खाजगीपणा म्हणजे काय, याचं उत्तर म्हसवडच्या खातेदारांनी आपल्या परीने दिलं.

इथे माणदेशीच्या कामाची पद्धत दिसते. एखादी सोय बँक आखते, बाया ती वापरत नाहीत. मग त्यांना साक्षर करण्याची, समजावण्याची मोहीम काढायची, हा सरकारी आणि बऱ्याचदा संस्थांचाही रिवाज. म्हसवडला न वापरण्याचं कारण विचारलं गेलं आणि नियम बदलला गेला. नियम बदलणं हा या गोष्टीतला कळीचा भाग आहे. बायकांचं ऐकून घेणाऱ्या संस्था महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. ऐकलेलं बँकेच्या खातेपद्धतीत उतरवणाऱ्या कमी.

सकाळचं कर्ज, संध्याकाळची परतफेड

आठवडे बाजार हा माणदेशाचा श्वास आहे. आज या गावाला, उद्या त्या गावाला. भाजीवाली, बांगडीवाली, सुकी मासळी विकणारी, कटलरीवाली आठवड्यातले चार-पाच बाजार गाठते. तिला मालासाठी पहाटे पैसे लागतात आणि ते रात्री परत येतात. बँकेचं मुदतकर्ज तिच्या कामाचं नाही. वर्षभराचा हप्ता बांधून घ्यायला तिचा धंदा वर्षाचा नाही, दिवसाचा आहे.

म्हणून ती बाजारातल्या सावकाराकडे जाते. एक साधा हिशेब धरू. सकाळी ९०० हातात घ्यायचे, संध्याकाळी १,००० द्यायचे. आठवड्यात चार बाजार केले तर ४०० रुपये गेले. वर्षात पन्नास आठवडे धंदा केला तर २०,००० रुपये व्याज, आणि मुद्दल तेच ९००. वर्षाचा दर काढायला बसलं तर आकडा हजारो टक्क्यांत जातो. पण बाजारातल्या बाईला त्यात अन्याय वाटण्यापेक्षा सोय वाटते, कारण दुसरीकडे पहाटे पाच वाजता कुणी पैसे देत नाही.

यावर उपाय बँकिंगच्या पोतडीत फार पूर्वीपासून पडून होता: कॅश क्रेडिट. व्यापाऱ्याला एक मर्यादा ठरवून द्यायची. लागेल तेव्हा उचल करायची, आले की भरायचे, व्याज वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतंच. साखर कारखान्याला, अडत्याला, कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याला ही सोय वर्षानुवर्षं मिळते. माणदेशी बँकेने तीच आठवडे बाजारातल्या विक्रेत्या बायकांसाठी आणली. नवं काही शोधलं नाही. श्रीमंताच्या ताटातला पदार्थ गरिबाच्या पानात वाढला, एवढंच. गरिबासाठी म्हणून वेगळी, हलकी योजना काढू नका, हे चेतना सिन्हांचं नेहमीचं सांगणं आहे. बाजारातल्या या कर्जात ते नेमकं काय आहे ते कळतं.

चाकांवरची शाळा

कर्ज मिळालं तरी धंदा वाढत नाही, हे पुढच्या काही वर्षांत दिसू लागलं. शेळी घेतली, ती मेली. शिलाई मशीन घेतलं, पण गावात आधीच चार मशिनं. पैशाच्या जोडीला बाजार कळायला हवा, किंमत लावता यायला हवी, बोलता यायला हवं. २००६ च्या अखेरीस बायकांसाठी उद्योगशाळा सुरू झाली. पुन्हा तोच प्रश्न आला: शाळेत यायला वेळ कुणाकडे आहे? मग बस घेतली गेली. आत संगणक, शिलाई यंत्रं, फळा; गावात येऊन थांबायची, शिकवायची, पुढच्या गावाला जायची. एचएसबीसीसारख्या बड्या बँकेची मदत याला मिळाली. पुढे शाळा महाराष्ट्राबाहेरही गेली. ‘देशी एमबीए’ नावाचा लांब मुदतीचा अभ्यासक्रम निघाला. उद्योजक बायांसाठी स्वतःचा चेंबर ऑफ कॉमर्सही झाला. परवाने, नोंदणी, करांच्या भानगडी यांचं मार्गदर्शन तिथे मिळतं.

यातला एक धागा मला विशेष वाटतो, तो शेळ्यांचा. शेळी ही माणदेशी बाईची खरी मुदतठेव. अडलं की विकायची. दवाखाना असो, शाळेची फी असो. पण शेळीचा डॉक्टर म्हणजे पुरुष, तालुक्याला बसणारा, गाय-म्हशीपुढे शेळीकडे न बघणारा. माणदेशीने बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं आणि प्राथमिक उपचारांचं प्रशिक्षण दिलं. सुनीता कांबळे या त्यांपैकी सर्वांत परिचित नाव. दलित समाजातल्या बाईने हातात नळी आणि थर्मास घेऊन वाडीवस्तीवर जायचं आणि जनावराच्या रेतनाचं काम करायचं, याला पहिल्यांदा काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हे गाव माहीत असलेल्याला सांगायला नको. ज्या उंबऱ्यावर एरवी तिला पाणीही लांबून मिळालं असतं, तिथून आज ‘डॉक्टरीण बाई कधी येणार’ म्हणून बोलावणं येतं. सुधारणेची भाषणं न होता झालेला हा बदल आहे. शेळीला चांगली जात हवी होती, ती आणणाऱ्या बाईची जात मागे पडली. कायमची पडली असं नव्हे. पण त्या तासापुरती तरी पडली.

२००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ ९०.४ वर ऐकू येऊ लागला. बाजारभाव, आरोग्य, ओव्या, गावगप्पा. आवाजाला अक्षर लागत नाही, हे त्याचं बळ.

केराबाईंचा सवाल

केराबाई सरगर एक दिवस बँकेत दागिने गहाण ठेवायला आल्या. कशासाठी, तर चाऱ्यासाठी. दुष्काळ पडला होता, जनावरांना घालायला काही उरलं नव्हतं. इथे तुम्ही संगणक शिकवता, धंदे शिकवता; पाणीच राहिलं नाही तर हे सगळं कशावर चालणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

२०१२-१३ चा तो दुष्काळ माणदेशाने १९७२ शी ताडून पाहिला. जनावर विकलं तर खाटकाच्या भावाने जातं आणि पाऊस आल्यावर परत घ्यायचं तर दुप्पट पैसा लागतो. एका दुष्काळात गेलेली गाय कुटुंबाला दहा वर्षं मागे नेते. कर्ज घेऊन वर आलेली बाई दावण रिकामी झाली की पुन्हा पायथ्याशी. तेव्हा बँकेच्या जोडीने चालणाऱ्या माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उघडली. मोठ्या जनावराला रोज १५ किलोच्या आसपास हिरवा चारा, पेंड, पाणी. शिवाय माळावर उभं राहिलेलं हजारो जनावरांचं आणि त्यांच्यासोबत राहायला आलेल्या माणसांचं गाव. महिन्या-दोन महिन्यांसाठी म्हणून सुरू झालेली छावणी दीड वर्ष चालली, कारण पाऊसच आला नाही. केराबाई छावणीत फिरून गाणी म्हणायच्या. पुढे त्यांनी रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम मागितला. लिहितावाचता येत नाही, संहिता कशी लिहिणार, असं विचारल्यावर गाता येतं की, हे त्यांचं उत्तर होतं. कार्यक्रम मिळाला.

२०१९ च्या दुष्काळात छावणी पुन्हा उघडावी लागली. पहिल्या छावणीनंतर संस्थेने बंधाऱ्यांची कामं हाती घेतली. तालुक्यातल्या गावांनी पुढे पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत घाम गाळला. २०१८ चा पहिला क्रमांक माणमधल्या टाकेवाडीने घेतला. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचं पाणी काही भागांत पोचू लागलं आहे. माण आज १९७२ चा माण नाही. पण एखादं कोरडं वर्ष आलं की बँकेचं येणं, बाईचा धंदा आणि मुलीची शाळा एकाच वेळी डगमगतात, हेही तितकंच खरं. आर्थिक उन्नतीच्या सगळ्या शिड्या इथे पावसाच्या भिंतीला टेकलेल्या आहेत.

गौरव आणि मर्यादा

जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला सातही सहअध्यक्ष स्त्रिया होत्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या क्रिस्तीन लगार्द, नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग, आयबीएमच्या गिनी रोमेटी, सर्नच्या फाबिओला जानोत्ती यांच्या रांगेत म्हसवडच्या चेतना सिन्हा. त्याच वर्षी महिला दिनाला त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. मुंबईत भरणाऱ्या माणदेशी महोत्सवात आता शहरी गिऱ्हाईक घोंगडं, लोकरीचं जेन, बाजरीची भाकरी आणि ठेचा घ्यायला रांग लावतं. कौतुक पुष्कळ झालं, आणि ते वाजवीच आहे.

तरीही काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला, संस्थेच्या अर्थकारणाचा. बँक स्वतःच्या पायावर चालते, तिला रिझर्व्ह बँकेच्या कसोट्या लागतात. उद्योगशाळा, बस, रेडिओ, छावणी हा भार फाउंडेशन उचलतं आणि फाउंडेशन देणग्यांवर, कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालतं. लहान खातेदाराला सांभाळण्याचा खरा खर्च व्याजातून निघत नाही, तो कुणीतरी बाहेरून भरत असतो. म्हणजे कांताबाईंना नकार देणाऱ्या बँका दहा रुपयांचं खातं परवडत नाही म्हणत होत्या, त्यात तथ्य होतं. प्रश्न एवढाच आहे, की हा खर्च दानावर ठेवायचा, की रस्ते आणि शाळांसारखा सार्वजनिक मानायचा.

दुसरा प्रश्न मोठा आहे. देशाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ग्रामीण भागात तर ४७.६ टक्के. आकडे बघून टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण काम करणाऱ्या या बायकांत तिघींमागे एकीहून जास्त बाया घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. सर्वेक्षणाने त्यांना कामगार म्हणून मोजलं, ही चांगलीच गोष्ट; पण मोजणीत आल्याने त्यांच्या हातात पैसा आला नाही. आणि ज्या स्वतःचा धंदा करतात, त्यांतल्या बहुतेकींचा धंदा एका माणसाचा. दुसरीला कामावर ठेवण्याइतका तो वाढत नाही. पापड, मसाला, शिवण, शेळी या चौकटीत एका गावात किती जणी मावणार? पगारी नोकरीला, कामगार कायद्याला, भविष्यनिर्वाह निधीला स्वयंरोजगार हा पर्याय नाही. तो सरकारने आणि उद्योगांनी आपली जबाबदारी झटकायचं निमित्त होऊ नये.

माणदेशीच्या कामाची किंमत या दोन प्रश्नांनी कमी होत नाही, पण तिची हद्द कळते. मदतनीस असलेल्या बाईला धंद्याची मालकीण करणं, तिच्या नावे खातं, तिच्या नावे कर्जाची पत, तिच्या नावे परवाना उभा करणं, एवढी मजल एक संस्था मारू शकते. त्यापुढची वाट सातबाऱ्याशी अडते.

कारण बँका शेवटी तारण मागतात आणि माणदेशात तारण म्हणजे जमीन. बाईकडे ती नसते, म्हणून तिचं कर्ज लहान राहतं, कर्ज लहान म्हणून धंदा लहान. माणदेशीने घर आणि जमीन दोघांच्या नावावर करण्यासाठी गावोगाव जागृती केली. कायद्याची साथ आहे: २००५ पासून देशभर हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा आहे, आणि २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पण बहीण हक्कसोडपत्रावर सही करून माहेर राखते, ही रीत कुठल्याच कायद्याने मोडलेली नाही.

या रीतीची परीक्षा आता लांब नाही. मुंबई-बंगळूर औद्योगिक मार्गिकेसाठी म्हसवड परिसरातल्या जमिनीची चर्चा काही वर्षं चालू आहे. वसाहत झाली तर ज्या पगारी नोकऱ्यांची माणदेशाने पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली त्या दारात येतील, आणि माळरानाला कधी नव्हे ती किंमत येईल. त्या दिवशी मोबदल्याचा धनादेश सातबारा बघून लिहिला जाईल. तो माळ कुणी राखला, दगड कुणी वेचले, नवरा मुंबईला असताना वीस वर्षं पेरणी कुणी केली, हे विचारायला त्या अर्जात रकाना नसेल. बँकेत खातं आहे, पत आहे, हिशेब तर आधीपासून येतोच. पण उताऱ्यावर नाव नसेल, तर बाईच्या खात्यात त्यातला रुपयाही येणार नाही. माणमधल्या बायकांनी एकदा रिझर्व्ह बँकेला आपला हिशेब दाखवून परवाना मिळवला. पुढचा हिशेब त्यांना तलाठ्याच्या कचेरीत आणि स्वतःच्या भावापुढे मांडायचा आहे, आणि तो वसाहतीचा पहिला खांब रोवला जाण्याआधी मांडायला हवा.